दगड उभी होती

मास्तर, तुमच्या शोकसभेत सगळे खोटं बोलले.

ग्रामपंचायतीच्या शेडमध्ये टेबलावर तुमचा फोटो, त्याला झेंडूची माळ. पहिला बोलणारा म्हणाला, निर्मल मास्तर म्हणजे शांत माणूस, आयुष्यात कोणाला दुखावलं नाही. दुसरा म्हणाला, मास्तरांनी कधी आवाज चढवला नाही. तिसऱ्याने तर तुम्हाला थेट संतच करून टाकलं. मी सरपंच म्हणून खुर्चीवर बसले होते आणि पदर तोंडाशी धरला होता. लोकांना वाटलं, बाई रडून राहिली. मी हसू दाबत होते.

तुम्ही शांत? पाण्याच्या टाकीचा ठेकेदार तुम्हाला पाहून मोटारसायकल वळवायचा. ग्रामसेवक तुमच्या सायकलची घंटी ऐकली की रजिस्टर आवरायला घ्यायचे. माझ्याशी तर तुम्ही चार वर्षांत इतक्या वेळा भांडलात की माझे मामाजी, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी विचारायचे, "आज मास्तर काऊन आले नाई? तब्येत बरी हाय ना?" आणि मरण्याआधीचे बारा दिवस आपण एकमेकांशी बोललो नव्हतो. हे त्या सभेत कोणालाच माहीत नव्हतं. म्हणून मी उठून बोलले नाही. तिथे बोलायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

आपली ग्रामपंचायत तीन गावांची. चिचपल्ली, आमचं, मराठी बोलणाऱ्यांचं धानाचं गाव. नाल्यापलीकडे कोसमटोला, गोंडांची पंचवीस-तीस घरं. आणि मधे तुमचं मधुमतीनगर. कागदावर मधुमतीनगर, आम्ही सगळे म्हणायचो नऊ नंबर, कारण सरकारने बंगालातून आलेल्या लोकांचे कॅम्प जंगलात बसवले तेव्हा तुमचा नंबर नववा होता. मधुमती हे तुम्ही मागे सोडलेल्या नदीचं नाव, हे मला चिचपल्लीत नांदायला येऊन पंधरा वर्षं झाल्यावर कळलं. ते तुम्हीच सांगितलंत. म्हणालात, "खूप मोठा नदी होता दीदी." तुमच्या मराठीत नदी कायम पुरुष राहिली, आणि माणसांच्या बाबतीतही कधी कोणाचं काय होईल याचा नेम नसे. बंगालीत हे लिंगाचं झंझट नाही, मराठीने उगाच निर्जीव वस्तूंची लग्नं लावून ठेवलीत, असं तुमचं म्हणणं. चाळीस वर्षं शाळेत शिकवलंत, आमच्या पोरांना गणितात पक्कं केलंत, पण हे काही तुम्ही दुरुस्त केलं नाही.

आपली पहिली भेट आठवते? निवडणूक होती. सरपंचपद बाईसाठी राखीव झालं आणि घरच्यांनी मला उभं केलं. चिचपल्लीच्या चावडीपुढे माझं पहिलं भाषण. मला कोणी तरी चिठ्ठीवर लिहून दिलं होतं, आणि मी जोरात वाचलं, की ग्रामपंचायत बाहेरच्यांच्या हाती द्यायची का? टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही सायकलवरून आमच्या अंगणात. पाणी मागितलंत. पूर्ण गडवा रिकामा केलात, तोंड पुसलंत आणि म्हणालात, "दीदी, मी तो बाहेरचा."

तुम्हीच पुढे सांगितलंत की मत मलाच देणार आहात, नऊ नंबरातल्या आणखी लोकांनाही सांगणार आहात, कारण समोरचा उमेदवार दारू वाटतो आणि मी निदान चिठ्ठी तरी नीट वाचते. मग सायकलला टांग मारून गेलात. मी निवडून आले ती तुमच्या गावाच्या मतांवर. त्या शब्दाची माफी मी कधी मागितली नाही. आधी लाज वाटली, मग उशीर झाला, मग वाटलं मास्तर विसरले असतील. तुम्ही काही विसरणारे नव्हतात.

उलट पहिल्याच ग्रामसभेत तुम्ही माझी फजिती केलीत, असं मला तेव्हा वाटलं. ग्रामसेवकांनी रजिस्टर पुढे केलं, मी पेन उघडलं, आणि मागून तुमचा आवाज आला, वाचून सही करा दीदी, आम्ही थांबतो. मी दहावी शिकलेली. सरकारी मराठी वाचताना घाम फुटला. तासभर सभा गप्प बसून राहिली आणि मी एकेक ओळ बोट ठेवून वाचली. तिसऱ्या पानावर एक रस्ता सापडला, जो झालेला दाखवला होता आणि गावात कुठेच नव्हता. त्या दिवसानंतर मी न वाचता सही केली नाही. घरी जाऊन मात्र तुम्हाला भरपूर शिव्या दिल्या होत्या. आज त्या परत घेते.

आता त्या एका वाक्याबद्दल.

दरवर्षी गावाचा विकास आराखडा तालुक्याला पाठवावा लागतो. त्यात एक पान असतं, गावाची पार्श्वभूमी आणि तिथले समाज. ते पान कोणी लिहीत नाही, मागच्या वर्षीचं उतरवतात. त्यात तुमच्या गावाबद्दल एकच वाक्य होतं. ‘सदर गाव निर्वासितांचे असून पूर्वी येथे निर्मनुष्य जंगल होते.’

तुम्ही ते मासिक सभेत मोठ्याने वाचलंत आणि कागद टेबलावर आपटलात. निर्वासित किती पिढ्या राहायचं? आम्ही हौसेने आलो नव्हतो, ट्रकांत घालून आणलं, तंबूत ठेवलं, पहिल्या पावसाळ्यात हिवतापाने घरटी एक माणूस नेला. तुमची धाकटी बहीण त्यातच गेली. नंतर धान लावला, तळी खोदली, मासे सोडले, मिरची-वांगी अहेरीच्या बाजारात नेली, आणि कागदावर अजून निर्वासित. जातीचं दुखणंही त्यातच निघालं. तुमच्या मुलीला, शेफालीला, नर्सिंगला प्रवेश मिळाला नव्हता. तुम्ही म्हणालात, "बंगालात आमची जात अनुसूचित. इथे आलो तर खुली झाली. आगगाडीत बसल्यावर जात बदलते का, दीदी?"

मी म्हटलं, मास्तर, मग तुम्हीच लिहा. तिन्ही गावांचं लिहा. नीट लिहा.

मला वाटलं होतं, आठवड्यात पानभर काही तरी द्याल. तुम्ही दोन महिने घेतलेत. वही काढलीत, सायकल काढलीत आणि घरोघर निघालात. अर्ध्या वेळी मला ओढून नेलंत. खरं सांगते, आपल्याच ग्रामपंचायतीतली कितीतरी घरं मी त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा आतून पाहिली. नऊ नंबरात तुमच्या घरी काकू प्रत्येक वेळी मुरमुरे आणि गूळ पुढे करायच्या. तिथल्या म्हाताऱ्या बाया मला त्यांच्या भाषेत काय काय सांगायच्या, तुम्ही मराठी करून द्यायचात, आणि मधेच थांबून चष्मा पुसायचात. मी विचारलं की काय म्हणाल्या, तर म्हणायचात, ते लिहायचं नाही, ते नुसतं ऐकायचं.

कोसमटोल्याला गेलो तेव्हा जुरीबाई मोहफुलं वाळवत बसली होती. कोसमटोल्यातली सगळ्यांत जुनी बाई. तुम्ही तिला आपलं लिहिलेलं वाचून दाखवलंत. निर्वासित शब्द काढून टाकला होता. त्याजागी ट्रक, तंबू, हिवताप, तळी, सगळं आलं होतं. शेवट मात्र तोच ठेवला होता, की त्यापूर्वी इथे निर्मनुष्य जंगल होतं. जुरीबाईने विचारलं, निर्मनुष्य म्हणजे काय. तुम्ही सांगितलंत, जिथे माणूस नसतो ते.

ती मोहफुलं उलटीपालटी करत राहिली. मग म्हणाली, "तर मंग आमी काय होतो?"

तिने जे सांगितलं ते तिने रागाने सांगितलं नाही, म्हणूनच जास्त लागलं. त्यांचं गाव नाल्याच्या अल्याड होतं, जिथे आज नऊ नंबर आहे तिथेच. कॅम्प बसवायचा ठरला तेव्हा जंगलखात्याच्या माणसांनी त्यांना पल्याड हलवलं. घरं बांबूच्या तट्ट्यांची होती, ती हलली. पण मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड तिथेच राहिले. त्यांच्यात माणूस गेला की त्याच्या नावाने उभा दगड रोवतात, मग तो पुरखा होऊन घराला सांभाळतो. तिच्या आजाचा दगड होता, आजीचा होता. दुसऱ्या पावसाळ्यात पाहायला गेली तर एकही नव्हता.

मी म्हटलं, जुरीबाई, जमिनीचा काही दावा आहे का तुमचा? मी सरपंच, मला आधी तेच सुचलं. ती माझ्याकडे न पाहता तुमच्याकडे पाहून बोलली. "जमीन नाई मांगून राह्यली मी. ते लोकं कुठी जाईन आता? कागदावर आमी होतो म्हणून लिव्हा. तेवढंच."

तुम्ही वही बंद केलीत. परतताना सायकल हातात धरून माझ्या पुढे चालत होतात. मला वाटलं, तुम्हाला राग आला. नऊ नंबराच्या वळणावर निरोपही न घेता आत गेलात. मग चार दिवस ग्रामपंचायतीत फिरकला नाहीत. पाचव्या दिवशी ग्रामसभा होती.

त्या सभेबद्दल पुष्कळ लोक पुष्कळ सांगतात. मी खुर्चीत होते, म्हणून मी पाहिलं ते लिहिते. तुम्ही धुतलेलं धोतर नेसून आला होतात. एरवी पँट घालायचात. नऊ नंबरातली माणसं डाव्या बाजूला सतरंजीवर, त्यांत तुमचा मुलगा बिप्लब. कोसमटोल्याची सात-आठ माणसं नेहमीप्रमाणे दाराजवळ उभी. तुम्ही वही उघडली नाहीत. दोन्ही हात मागे बांधलेत, वर्गात बांधायचात तसे, आणि सांगितलंत की तुम्हाला तेव्हा मिसरूड फुटत होतं. तुमच्या वाट्याला जे जंगल आलं ते तोडताना मधे एक मोकळी जागा लागली, आणि तिथे दगड होते. पाच. दोन माणसं लागत होती एक पाडायला. तुम्ही आणि तुमच्या वडिलांनी ते पाडले, बैलांनी ओढले आणि नव्या तळ्याच्या घाटाला पायऱ्या म्हणून बसवले. वडिलांनी सांगितलं, दगड म्हणजे दगड. काकू लग्न होऊन आल्या तेव्हापासून त्या पायऱ्यांवर भांडी घासतात.

तेव्हा कोणी तरी डावीकडून बंगालीत ओरडलं. तुम्ही थांबला नाहीत.

"चाळीस वर्षं मी मुलांना शिकवलं की आम्ही आलो तेव्हा इथे काहीच नव्हतं," तुम्ही म्हणालात. "दगड उभी होती. मी माझ्या हाताने पाडली. दगड आपोआप उभी राहत नाही, तिला माणूस उभी करते."

कोणी हसलं नाही, मास्तर. त्या दिवशी तुमच्या मराठीला कोणीही हसलं नाही.

मग जे व्हायचं ते झालं. नऊ नंबराच्या जमिनी सातबाऱ्यावर अजून वर्ग दोनच्या, म्हणजे सरकारने दिलेल्या, परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. लोकांच्या पोटात भीती बसली, की उद्या हा कागद दाखवून कोणी म्हणेल, उठा इथून. ती भीती खोटी नव्हती. जे एकदा उठवले गेले आहेत त्यांना ती भीती कोणी शिकवावी लागत नाही. बिप्लब भर सभेत उठला आणि म्हणाला, बाबा, तुम्ही आमचं शेत लिहून दिलंत. तो निघून गेला, मागोमाग डावी बाजू रिकामी झाली. तुम्ही रिकाम्या सतरंजीकडे पाहत उभे. मी ठराव मताला टाकला. चिचपल्ली आणि कोसमटोल्याच्या हातांवर तो पास झाला. तुमच्या गावाचा एकच हात वर होता.

त्यानंतर तुम्हाला कीर्तनाला बोलावणं बंद झालं. बिप्लब त्याच घरात राहून तुमच्याशी बोलेना. काकू त्याच्या आणि तुमच्या मधे निरोप न्यायच्या. मी एकदा म्हटलं, मास्तर, शब्द थोडा मऊ करू, ‘काही प्रमाणात वस्ती असावी’ असं लिहू, म्हणजे दोन्हीकडचं राहील. तुम्ही माझ्यावर असे उखडलात की बाहेर बसलेला शिपाई आत डोकावला. असावी म्हणजे काय? तुमच्या हाताला अजून त्या दगडांचं वजन आठवत होतं, आणि मी ‘असावी’ लिहायला निघाले होते. आमच्या पिढीजात सवयीप्रमाणे मी दोन्ही दगडांवर पाय ठेवत होते. तुम्ही एका बाजूला उभे राहिलात, आणि ती बाजू तुमची स्वतःची नव्हती.

हे लिहिताना अजूनही अंगावर येतं, कारण पुढची पाळी माझी होती आणि मी तुमच्यासारखी निघाले नाही.

चिचपल्लीचा परिच्छेद मी लिहिला होता. छान लिहिला होता, अशी माझी समजूत. सुरुवात होती, ‘येथील मूळ रहिवासी शेतकरी समाज.’ तुम्ही पक्की प्रत वाचायला नेलीत आणि परत आणलीत तेव्हा ‘मूळ’ या शब्दाखाली पेन्सिलची रेघ होती. शांतपणे विचारलंत, तुमच्या सासऱ्यांचे पणजोबा कुठून आले?

मला माहीत होतं, मास्तर. लग्न झाल्यापासून माहीत होतं. दर दोन-तीन वर्षांनी आमचं घर कुलदेवाच्या पूजेला सावलीकडे जातं, वैनगंगेच्या काठावरच्या एका गावात, आणि तिथले भाऊबंद आम्हाला म्हणतात, "तुमी जंगलात गेलेले." जमीनदाराने आणलं होतं आमच्या लोकांना, बोडी म्हणजे शेततळी बांधायला, धान पिकवायला. चार पिढ्या झाल्या असतील. तुम्ही ट्रकमधून आलात, आम्ही बैलगाडीतून. तुम्हाला सरकारने आणलं, आम्हाला जमीनदाराने. आणि मी तुम्हाला बाहेरचे म्हटलं होतं.

पण त्या दिवशी मी हे काहीच बोलले नाही. मी म्हटलं, मास्तर, तुमच्या गावाने तुम्हाला वाळीत टाकलं म्हणून आता माझ्या गावातही आग लावता का? हेच शब्द. तुम्ही चष्मा काढून खिशात ठेवलात, फाइल टेबलावर ठेवलीत आणि म्हणालात, "दीदी, आग नाही. मी फक्त विचारला." आणि गेलात.

बारा दिवस. मी ‘मूळ’ ठेवूनच फाइल तालुक्याला पाठवली. तेराव्या दिवशी दुपारी शेफालीचा फोन आला. तुम्ही जेवून उठताना खाली पडलात. गडचिरोलीला न्यायला गाडी मीच मिळवून दिली, फोनवरून. स्वतः आले नाही. वाटलं, बरे होऊन आले की जाईन, तेव्हा सांगेन. गाडी अर्ध्या रस्त्यातून परत आली.

तुमच्या अंगणात मी गेले तेव्हा काकूंच्या हातातल्या शंखाच्या बांगड्या उतरवल्या होत्या, आणि मनगटावर जिथे त्या असायच्या तिथे फिकट पट्टा दिसत होता. बिप्लब तुमच्या डोक्याशी बसलेला. ज्यांनी तुम्हाला कीर्तनाला बोलावणं बंद केलं होतं तेच लोक कीर्तन करत होते. मला संताप आला. आजही येतो. जिवंत माणसाला जे द्यायचं नाकारलं ते मेल्यावर एवढ्या मोठ्या आवाजात कसं देता येतं?

जुरीबाई चालत आली होती. पदरात तांदूळ आणले होते, ते तिने तुमच्या पायांशी ठेवले आणि बाजूला बसली. चिचपल्लीच्या एकाने, भल्या मनाने, तिला विचारलं की मास्तरांच्या नावाने तुमच्यासारखा दगड उभा कराल का. तिने मान हलवली. "नाई होत. दगड गोताच्या मानसाचा असते. मास्तर आमच्या गोताचा नाई." मग म्हणाली, "पन त्यानं खरं सांगतलं. त्याच्या बापानं बी नाई सांगतलं, त्यानं सांगतलं." तिने खोटी गोड गोष्ट केली नाही. तुम्हाला ते आवडलं असतं. शोकसभेतल्या सगळ्या भाषणांपेक्षा हे जास्त वजनाचं होतं.

तुमच्या श्राद्धाचं जेवण झालं आणि त्याच आठवड्यात तालुक्याहून फाइल परत आली. वरच्या पानावर लाल शाईत शेरा. पार्श्वभूमी विहित नमुन्यात चार ओळींत द्यावी, वादग्रस्त ऐतिहासिक मजकूर वगळावा. सोबत नमुना म्हणून कोणी तरी मागच्या वर्षीचं पान जोडलं होतं. निर्वासित. निर्मनुष्य. दोन्ही शब्द जागच्या जागी. ग्रामसेवक म्हणाले, मॅडम, तेच पुन्हा पाठवून देऊ, कोण वाचतो. आराखडा अडला तर नऊ नंबराचा नालापूल अडेल, कोसमटोल्याची विहीर अडेल.

हे खरं होतं. पूल आणि विहीर अडली तर लोक मलाच धरणार होते. मी घरी आले. मामाजी खाटेवर बसून सुतळी वळत होते. मी विचारलं, "मामाजी, आपन इथले मूळचे हावो का?" त्यांनी वर न पाहताच उत्तर दिलं, "काऊन? मास्तरानं बी मले हेच इचारलं होतं. म्या सांगतलं त्याले, आमी सावलीकडचे." म्हणजे तुम्हाला उत्तर आधीच माहीत होतं. तरी ते तुम्ही स्वतः लिहिलं नाहीत. माझ्याकडून यावं म्हणून विचारलंत आणि बारा दिवस वाट पाहिलीत.

दुसऱ्या दिवशी मी विशेष ग्रामसभा लावली. कोणी येईल असं वाटलं नव्हतं. शेड भरली. मी तालुक्याचा शेरा वाचला, मग जुनं वाक्य वाचलं, मग आपलं पूर्ण पान वाचलं. चिचपल्लीच्या परिच्छेदापाशी आले आणि सांगितलं, इथे ‘मूळ’ लिहिलंय ते खोटं आहे, मी लिहिलंय, मी खोडते. माझ्याच गावातून आवाज उठले. माझा सख्खा दीर उठून उभा राहिला. मामाजींनी बसल्या जागेवरून त्याला हाताने खाली बसवलं. मी खोडलं आणि तिथे लिहिलं, वैनगंगेच्या काठावरून जमीनदाराने आणलेले. मग नऊ नंबराकडे वळून, पहिल्या भाषणात वापरलेल्या ‘बाहेरचे’ या शब्दाची माफी मागितली. चार वर्षं उशिरा आणि तुमच्या माघारी. तुम्ही समोर असतात तर म्हणाला असतात, दीदी, लांबण नको, पुढचा विषय घ्या.

मी ठराव मांडला, की हे पान आता आणखी एक अक्षरही न बदलता परत जाईल. पूल अडला तर आपण तिन्ही गावं मिळून तालुक्याला जाऊन बसू. कोसमटोल्याचे हात आधी वर गेले. चिचपल्लीचे काही गेले, काही नाही गेले. नऊ नंबर बसून होतं. आणि मग बिप्लब उभा राहिला. मला वाटलं, हा आता फाइल फाडतो.

तो म्हणाला, जमीन जाईल याची भीती त्याला अजून आहे. त्याने ती लपवली नाही. पण तालुक्याचे साहेब जे पान पाठवून राहिले त्यात आम्ही निर्वासित आहोत. म्हणजे कोसमटोल्याचे हे लोक नव्हतेच, आणि आम्ही कायमचे नाही. दोघांनाही उठवता येतं त्या पानावरून. बाबाच्या पानावर तिघंही आहोत. "मले हे समजायले बाबाले मरावं लागलं," असं म्हणून त्याने हात वर केला आणि खाली घेतलाच नाही, मी मोजून झाल्यावरही. मी ग्रामसेवकांना म्हटलं, रजिस्टर इकडे आणा. पूर्ण वाचलं. मग सही केली.

काल साहेबांचा फोन आला. आवाज मऊ होता. म्हणाले, मॅडम, एवढ्याशा पानासाठी काऊन अडून बसता, पान सात तुम्ही काढून टाका, बाकी सगळं मंजूर करतो. मी त्यांना सांगितलं, की साहेब, ते पान ग्रामसभेने लिहिलं आहे, त्यामुळे मला एकटीला ते काढता येत नाही. तुम्ही इथे या. सगळ्यांच्या पुढे उभे राहा. जुरीबाईला सांगा की ती नव्हती, बिप्लबला सांगा की तो अजून पोहोचलाच नाही, माझ्या सासऱ्यांना सांगा की ते कुठून आले ते त्यांना कळत नाही. तिघांनी हो म्हटलं की मी स्वतः कात्री आणून देते.

ते म्हणाले, पुढच्या आठवड्यात बघतो.

या म्हटलं. आम्ही सतरंजी टाकून ठेवतो.